कळणें आणि दाखविणें

बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असते. राजा प्रसन्न होऊन 'माग' म्हणाला. त्या चतुर मनुष्यानें पटाच्या पहिल्या घरासाठीं गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यासाठीं दोन, तिसऱ्यासाठीं चार, अशा दुपटीदुपटीनें चौसष्ट घरें भरून मागितलीं, आणि राजाचीं कोठारें रितीं झालीं. ही गोष्ट सांगतांना आपण बहुधा राजाच्या फजितीपाशीं थांबतों. मला तिच्यापुढें थोडें जावयाचें आहे. पटाला आणखी तीन घरें आहेत अशी कल्पना करावी. सदुसष्टावें घर भरून झाल्यावर पटावरील सर्व दाण्यांची मिळून संख्या होते ती अशी:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

भास्कराचार्यांनीं 'लीलावतीं'त (इ. स. ११५०) संख्यास्थानांचीं अठरा नांवें सांगितलीं आहेत, तीं एकापासून निघून परार्धापाशीं संपतात. आपली संख्या एकवीस आंकडी, म्हणजे परार्धाच्याहि पुढें तीन स्थानें गेलेली. चवदाशें पंचाहत्तर परार्ध आणि वर कांहीं, असें तिचें वाचन करावें लागेल. गणिती तिला थोडक्यांत 'दोनाचा सदुसष्टावा घात उणें एक' असें म्हणतात.

आतां या दाण्यांविषयीं एक साधा प्रश्न विचारूं. हे सगळे दाणे सारख्या लांबीच्या ओळींत, एकहि दाणा न उरतां, मांडतां येतील काय? सारे दाणे एकाच ओळींत लावणें किंवा एकेका दाण्याची ओळ करणें हें अर्थात् जमेस धरावयाचें नाहीं. पंधरा दाणे असतील तर पांचपांचांच्या तीन ओळी होतात. सात असतील तर कांहीं केल्या होत नाहींत. जिच्या अशा ओळी पडतात ती संख्या संयुक्त, आणि ओळी किती व ओळींत दाणे किती हे तिचे अवयव. जिच्या पडत नाहींत ती मूळ संख्या. हा शाळेंतलाच धडा आहे. परंतु पंधरांच्या बाबतींत जें क्षणांत कळतें, तें या एकवीस आंकडी संख्येच्या बाबतींत डोळ्यांसमोर येण्यास दोनशें एकोणसाठ वर्षें लागलीं. आणि त्या अवधींत ज्यांनीं ज्यांनीं तिला हात घातला त्यांच्या वागण्यावरून एक निराळाच प्रश्न मनांत उभा राहतो. एखादें विधान खरें म्हणून दुसऱ्यापुढें ठेवणें म्हणजे आपण आपल्या अंगावर काय घेणें?

मारँ मर्सेन (१५८८–१६४८) हा पॅरिसमधील एका मठांत राहणारा साधु. देकार्त, फर्मा यांच्यासारख्या पंडितांशीं त्याचा अखंड पत्रव्यवहार असे. शास्त्रीय नियतकालिकें निघालीं नव्हतीं त्या काळांत एकाचा शोध दुसऱ्याच्या कानीं जावयाचा तो पुष्कळदां याच्या पत्रांतून. इ. स. १६४४ मध्यें छापलेल्या एका ग्रंथांत त्यानें असें लिहून ठेविलें कीं, दोनाचा घात करून त्यांतून एक वजा केला असतां, घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांपैकीं असेल तर येणारी संख्या मूळ असते. २५७ पर्यंतच्या दुसऱ्या कोणत्याहि घातांकाला ती संयुक्त असते. आपली सदुसष्ट घरांची संख्या या यादींत मूळ म्हणून आली आहे. आधार कोणता, तें त्यानें सांगितलें नाहीं. उलट, पंधरा-वीस आंकडी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें तपासून ठरवावयास सारा काळहि पुरावयाचा नाहीं, अशा अर्थाचें त्याचेंच म्हणणें आहे! ही यादी पुरती तपासून होण्यास १९४७ साल उजाडलें. तींत पांच चुका निघाल्या: ६७ आणि २५७ हे घातांक तींत यावयास नको होते, आणि ६१, ८९ व १०७ हे यावयास हवे होते.

मर्सेन खोटें बोलला असें मला म्हणावयाचें नाहीं. जें त्याला खरें वाटलें तें त्यानें लिहिलें. मला बोंचतें तें त्याच्या चुकांपेक्षां त्याचें एक बरोबर उत्तर. १२७ हा घातांक घेतला तर एकोणचाळीस आंकडी संख्या होते, आणि ती खरोखरच मूळ आहे. मग मर्सेनला तें ठाऊक होतें असें म्हणावें काय? कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, तशांतलाच हा प्रकार. विधान खरें निघालें एवढ्यानें तें करणाराला ज्ञान होतें असें होत नाहीं. रोजच्या व्यवहारांत हा भेद आपण फारसा पाळीत नाहीं. ज्याचें भाकित खरें ठरलें त्याला आपण जाणता म्हणतों; त्याच्या फसलेल्या भाकितांची वही कोणी ठेवीत नाहीं. मर्सेनची वही गणित्यांनीं ठेविली, आणि गंमत अशी कीं या जातीच्या संख्यांना अद्यापि नांव चालतें तें त्याचेंच.

एदुआर ल्युका (१८४२–१८९१) या फ्रेंच गणित्यांची गोष्ट वेगळी. त्यांनीं १८७६ मध्यें असें दाखविलें कीं, ही सदुसष्ट घरांची संख्या मूळ नाहीं. तिच्या ओळी पडतातच. मात्र ओळी किती आणि ओळींत दाणे किती हें त्यांना सांगतां आलें नाहीं. येथें पुष्कळ वाचक थबकतील. ओळी पाडल्यावांचून त्या पडतात हें कळावें कसें?

ही रीत एका लहान संख्येवर करून पाहतां येते. तिला आजचें सुटसुटीत रूप लेमर या अमेरिकन गणित्यानें १९३० मध्यें दिलें. तेंच येथें घेतों. दोनाचा अकरावा घात उणें एक म्हणजे २०४७. चारापासून आरंभ करावयाचा. त्याचा वर्ग करून त्यांतून दोन वजा करावयाचे. जें येईल त्याला २०४७ नीं भागून बाकी तेवढी ठेवावयाची. त्या बाकीवर पुन्हां तेंच. घातांकापेक्षां दोन कमी, म्हणजे येथें नऊ वेळां, असें केल्यावर शेवटीं शून्य उरलें तर संख्या मूळ, नाहीं तर संयुक्त. चारावरून अनुक्रमें १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटीं १७३६ येतात. शून्य आलें नाहीं. सबब २०४७ मूळ नाहीं. आणि ती खरोखरीच २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. पण त्या नऊ बाक्यांत कोठें २३ दिसतात काय? ८९ चा मागमूस लागतो काय? १७३६ ही संख्या अवयवांबद्दल चकार शब्द काढीत नाहीं. भिंतीवर टिचकी मारावी आणि आवाजावरून ती पोकळ आहे एवढें कळावें, पण आंत काय ठेविलें आहे याचा पत्ता लागूं नये, तसें हें ज्ञान.

आपल्या नैयायिकांचा पर्वत येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नि आहे असें अनुमान झालें. तरी ज्याला शंका असेल त्यानें डोंगर चढावा आणि अग्नि डोळ्यांनीं पाहावा, अशी सोय तेथें आहे. अनुमानाला प्रत्यक्षाचा जामीन मिळतो. १८७६ पासून १९०३ पर्यंत सत्तावीस वर्षें या संख्येच्या बाबतींत धूर होता, पण डोंगर चढण्यास वाट नव्हती. शिवाय डोंगरावरचा धूर शेजाऱ्यालाहि मान वर करून पाहतां येतो. ल्युकांचा निर्णय ताडून पाहावयाचा म्हणजे सगळें गणित पहिल्यापासून पुन्हां मांडावयाचें. वर सांगितलेल्या रीतीनें तें केलें तर पांसष्ट वर्ग आणि पांसष्ट भागाकार, आणि बहुतेक सारे वीस-एकवीस आंकडी संख्यांचे. एका ठिकाणीं हातचा चुकला कीं पुढच्या साऱ्या बाक्या बदलल्या, आणि शेवटची बाकी चुकलेली आहे हें तिच्या तोंडावरून ओळखतां यावयाचें नाहीं. सिद्धता निर्दोष, पण ती मान्य करणारानें गणित करणाराच्या हातावर विश्वास टाकलेला असतो.

त्या सत्तावीस वर्षांत अवयव होते कोठें? सांख्य म्हणतील, तिळांत तेल असतें म्हणूनच तें घाण्यांतून निघतें, वाळूंतून निघत नाहीं. कार्य हें कारणांत आधींच असतें. नैयायिक म्हणतील, कुंभारानें घडविण्यापूर्वीं घट नव्हताच. असल्यास मातीच्या ढिगांत तो दाखवा आणि त्यानें पाणी भरून आणा. या वादांत संख्येपुरता मी सांख्यांच्या बाजूला झुकतों, पण त्यांच्या घरीं मुक्काम करीत नाहीं. तेल काढल्यानें तिळाचें कांहीं तरी होतें, मागें पेंड राहते. अवयव काढल्यानें संख्येचें कांहींच होत नाहीं. ती पूर्वीं होती तशीच राहते, किंबहुना 'पूर्वीं' आणि 'मागाहून' हे शब्दच तिला लागू पडत नाहींत. १९०३ मध्यें जें घडलें तें माणसांना घडलें, संख्येला नव्हे. यावर कोणी म्हणेल कीं, तसें असेल तर एवढा खटाटोप कशाला? जें आहेच तें सुखानें असूं द्यावें. या आक्षेपाला तर्कानें उत्तर देण्यापेक्षां तो खटाटोप करणाऱ्या गृहस्थांकडे वळणें बरें.

फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत प्राध्यापक होते, आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचें चिटणीसपद त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलें. १९०३ सालच्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस सोसायटीच्या बैठकींत त्यांचा निबंध व्हावयाचा होता; विषय, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणें. एरिक टेंपल बेल या गणित्यानें त्या बैठकीची हकीकत लिहून ठेविली आहे. कोल उठले, फळ्यापाशीं गेले, आणि अक्षरहि न बोलतां दोनाचा सदुसष्टावा घात करूं लागले. तो झाल्यावर त्यांतून त्यांनीं एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागाकडे सरून त्यांनीं दोन संख्या मांडल्या, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, आणि शाळेंत शिकवितात त्याच रीतीनें त्यांचा गुणाकार केला. दोन्हीकडचीं उत्तरें जुळलीं. सभेनें टाळ्यांचा गजर केला. कोल मुकाट्यानें आपल्या जागेवर जाऊन बसले. कोणी एक प्रश्न विचारला नाहीं. पुढें १९११ मध्यें बेलनें त्यांना विचारलें कीं, या कामाला किती वेळ लागला? तीन वर्षांचे रविवार, असें उत्तर मिळालें.

बेल हा मोठा गोष्टीवेल्हाळ ग्रंथकार, आणि ही हकीकत त्याच्या पुस्तकांत आली ती १९५१ मध्यें. तेव्हां ती शब्दशः प्रमाण धरण्याचें कारण नाहीं. परंतु निबंध छापलेला आहे, अवयव खरे आहेत, आणि रविवारांचा हिशोब अविश्वसनीय नाहीं. काय करावें लागलें असेल याची थोडी कल्पना येथें देतों. मूळ संख्यांनीं एकामागून एक भागून पाहावयाचें म्हटलें, आणि अवयव नाहींतच असें निघालें, तर बाराशें कोटींच्याहि पुढें जावें लागेल. सुदैवानें या जातीच्या संख्येचा कोणताहि अवयव घातांकाच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीहून एकानें अधिक असतो. म्हणजे येथें १३४ च्या एखाद्या पटींत एक मिळविलेला. पण कितवी पट? लहान अवयव निघाला तो १४,४५,५८० वी पट आणि एक. चौदा लाखांतून निरनिराळ्या चाळण्यांनीं पुष्कळ गाळल्या तरी हजारोंच्या हजारों उरतात. कोल यांनीं वर्गशेषांच्या साहाय्यानें आपली चाळणी बरीच बारीक केली होती. असें असूनहि रविवारामागून रविवार कोऱ्या हातांनीं उठावयाचें, आणि आज जें गाळलें त्यांत उत्तर चुकून निसटलें तर नसेल ना, ही शंका घेऊन आठवडाभर वर्ग शिकवावयाचे!

गणिती लोक ल्युकांचें काम कोल यांच्या कामाहून मोठें मानतात, आणि तें योग्यच आहे. ल्युकांनीं दिलेली किल्ली अगणित कुलपांना चालते. कोल यांनीं एक कुलूप उघडलें. तरी सभा टाळ्या वाजवून उठली असेल तर ती भाबडी होती असें मला वाटत नाहीं. प्रत्येक सत्याला दोन प्रकारचे श्रम लागतात, शोधण्याचे आणि पटण्याचे. मर्सेननें दोन्ही दुसऱ्यांवर टाकले. ल्युकांनीं शोधण्याचे श्रम स्वतः केले, पण पटवून घेणाराला जवळजवळ तितकेच करावयास लाविले. त्याला त्यांचाहि इलाज नव्हता. कोल यांनीं मात्र तीन वर्षें आपल्याकडे घेऊन श्रोत्यांच्या वांट्याला अर्धा-पाऊण तास ठेविला. त्यांनीं कोणाजवळ विश्वास मागितला नाहीं; आणि मला वाटतें, ते बोलले नाहींत याचेंहि कारण हेंच असावें. जें समोरच्याला स्वतः ताडून पाहतां येतें तेथें वक्तृत्वाला काम उरत नाहीं.

परंतु याच मापानें सर्वांना मोजूं लागलों तर अन्याय होईल. रशियांतील इव्हान पर्वुशिन या धर्मोपदेशकानें १८८३ मध्यें दोनाचा एकसष्टावा घात उणें एक, म्हणजे २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१, ही संख्या मूळ आहे असें सिद्ध केलें; मर्सेनच्या यादींतून निसटलेली हीच ती पहिली. आतां पर्वुशिननें फळ्यावर काय मांडावें? अवयव असतील तर लिहून दाखवितां येतात. ते नाहींत हें कसें लिहावें? भंगलेली वस्तु तिचे दोन तुकडे पुढें ठेवून सिद्ध होते, अभंग वस्तूपाशीं पुढें ठेवावयास असें कांहींच नसतें. चारित्र्याच्या बाबतींतहि हीच अडचण येते. दोष एका पुराव्यानें सिद्ध होतो; निर्दोषपणाचे पुरावे कितीहि आणले तरी आणखी एक मागणारा भेटतोच. म्हणून न्यायालयें निर्दोषपणा गृहीत धरून चालतात. गणिताला ती सवलत नाहीं, आणि पर्वुशिनला आपलें सिद्ध करावें लागलें तें टाळ्यांच्या आशेवांचून. तेव्हां, दाखवितां येतें तेवढेंच खरें, असा नियम कोल यांच्या गोष्टीवरून कोणी काढूं नये.

आज साध्या संगणकालाहि हे दोन अवयव काढण्यास डोळ्याचें पातें लवण्याइतका वेळ लागत नाहीं. म्हणून कोल यांचे रविवार वायां गेले असें म्हणणारे भेटतात. आगगाडी निघाली म्हणून तिच्यापूर्वीं पायीं पंढरपूर गांठणाऱ्यांची वारी फुकट गेली, असें आपण म्हणत नाहीं. ही उपमा मात्र फार ताणूं नये. वारकऱ्याला चालण्यांतहि गोडी असते, कोल यांना पोंचावयाचें होतें. पोंचणें हेंच ज्याचें फळ त्याच्या श्रमांचें मोल मागाहून आलेल्या वाहनाच्या वेगावरून ठरवावें कसें, हें मला कळत नाहीं.

आणि यंत्रानें सारें सोपें केलें, ही समजूत तरी कितपत खरी? गुणाकार सोपा आणि अवयव कठीण, या एवढ्याच विषमतेवर १९७७ मध्यें रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनीं एक नवें कुलूप बनविलें. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार चारचौघांत जाहीर करावयाचा, आणि त्या दोन संख्या मात्र मालकानें आपल्यापाशीं ठेवावयाच्या. संगणकांच्या जाळ्यावरून होणारे पैशांचे आणि गुप्त पत्रांचे व्यवहार अद्यापि पुष्कळ ठिकाणीं याच जातीच्या कुलपावर विसंबून आहेत. त्या वर्षीं आव्हान म्हणून पुढें ठेवलेली १२९ आंकडी संख्या १९९४ मध्यें फुटली, ती सुमारें सहाशें स्वयंसेवकांनीं आपापले संगणक एका कामाला जुंपले तेव्हां. २००२ मध्यें कानपूरच्या आय. आय. टी. मधील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनीं, कोणतीहि संख्या मूळ कीं संयुक्त हें निःसंशय आणि संख्येच्या लांबीच्या मानानें बेताच्या वेळांत ठरविणारी रीत जगापुढें ठेविली. म्हणजे भिंत पोकळ आहे कीं भरीव, हें सांगण्याची विद्या आतां पूर्णतेस पोंचली. आंत काय आहे तें काढण्याची तशी सोपी रीत मात्र आजच्या साध्या संगणकांसाठीं कोणाला सांपडलेली नाहीं. आणि ती असूंच शकत नाहीं, असेंहि कोणी सिद्ध केलेलें नाहीं. ल्युका आणि कोल यांच्यामधलें अंतर या एका संख्येपुरतें भरून निघालें; बाकीच्या अफाट संख्यांच्या बाबतींत तें मोकळेंच आहे, आणि त्या मोकळ्या जागेंत आपण आपली तिजोरी नेऊन ठेविली आहे. आधारावांचून विधान केलें म्हणून मर्सेनला आपण वर नांवें ठेविलीं. हें कुलूप कोणाला सहज उघडतां यावयाचें नाहीं, हें आपलें विधान कोणत्या जातीचें?

कोल यांचा गुणाकार तरी ज्याला हवा त्यानें घरीं करून पाहावा. मोठी संख्या वर लिहावी, लहान तिच्याखालीं. खालच्या संख्येंत एक शून्य असल्यामुळें ओळी नऊ नव्हे, आठच होतात. त्यांतहि सात हा आंकडा तीनदां आला असल्यानें ५३,३२,८६,७८,०१,००९ ही एकच ओळ तीन ठिकाणीं उतरवावयाची, आणि एकाच्या दोन ओळी म्हणजे वरचीच संख्या जशीच्या तशी. खरा गुणाकार करावा लागतो तो दोन, तीन, सात आणि नऊ या चारच आंकड्यांनीं. जपावयाचें तें बेरजेंत, विशेषतः मधल्या स्तंभांत हातचे मोठे येतात तेथें.